दुकानाची नवी मांडणी आणि गिऱ्हाइकाची वाट

पडघा हे रस्त्यावरचे गाव आहे. मुंबईहून नाशिककडे जाणारा आग्रा रोड गावाला लागून जातो, कल्याणचा रस्ता येथे येऊन मिळतो, आणि या रस्त्यांनी जे आले त्यावर येथील बाजारपेठ उभी राहिली. अशा गावातील व्यापाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. गिऱ्हाईक ज्या वाटेने येते त्या वाटेकडे दुकानाचे तोंड असले पाहिजे, हे तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. परंतु गेल्या वीसएक वर्षांत गिऱ्हाइकाची वाटच बदलली आहे. ठाण्याच्या एखाद्या कारखानदाराला माल ठेवण्यास जागा हवी असली म्हणजे पूर्वी तो गाडी काढून भिवंडीस येई, चार दलालांना भेटे, रस्त्याकडेच्या पाट्या वाचीत हिंडे. आज तो खुर्चीतून न उठता मोबाईलवर चार शब्द लिहितो आणि समोर येणाऱ्या पहिल्या पाच-सात नावांतून दोघातिघांना फोन लावतो. ज्याचे नाव तेथे नाही त्याचे गोदाम कितीही उत्तम असो, त्या कारखानदाराच्या लेखी ते नसल्यासारखेच आहे.

म्हणून व्यापारी वेबसाईट करून घेतात. आणि काही वर्षांनी ती जुनाट दिसू लागली म्हणजे पैसे खर्चून नवी करतात. नवी वेबसाईट दिसते देखणी. मोठमोठी छायाचित्रे असतात, अक्षरे सरकत येतात, मालक समाधानी असतो. पुढे महिना-दोन महिन्यांत ध्यानात येते की, विचारपूस करणारे फोन वाढण्याऐवजी कमी झाले! असे का व्हावे? आणि असे न होता, उलट शोधणाऱ्यांचा ओघ वाढावा, यासाठी नवी बांधणी करताना कशाकडे लक्ष द्यावे? प्रस्तुत लेखात आम्हांला या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. नवी बांधणी म्हणजे रंगसफेदी, हा समज या नुकसानीच्या मुळाशी आहे. खरे पाहता या कामाची दोन अंगे आहेत. विचारणाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर विचारणाऱ्याच्याच शब्दांत मांडणे हे पहिले; आणि जुन्या वेबसाईटने इतक्या वर्षांत मिळविलेली ओळख नव्या जागी सुखरूप नेणे हे दुसरे. रंगरूपाचा विचार त्यानंतरचा.

टँकरचे पाणी आणि विहिरीचे पाणी

शोधयंत्रावरून येणारे गिऱ्हाईक दोन प्रकारचे असते. एक जाहिरातीवरून येणारे. गूगलने आपली जाहिरातपद्धती २००० साली सुरू केली. तीत आज सामान्यतः कोणी जाहिरातीवर बोट ठेवले की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे वजा होतात, मग तो माणूस पुढे माल घेवो वा न घेवो. भिवंडीकरांना हा हिशेब नवा वाटू नये. जकातनाक्यावर गाडीगणिक पैसे मोजणे म्हणजे काय हे या तालुक्याइतके कोणाला ठाऊक असणार? मुंबईची जकात टाळण्यासाठी हद्दीबाहेर माल उतरविण्याची जी रीत पडली, तिनेच भिवंडीच्या गोदामांना आरंभी बहर आणला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि ती जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली.

दुसरे गिऱ्हाईक जाहिरातीशिवाय, आपल्या पायांनी येते. त्याने प्रश्न विचारला, शोधयंत्राने आपले पान योग्य उत्तर म्हणून दाखविले आणि तो आला. या ओघाला जाणकार मंडळी ‘ऑरगॅनिक’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला हा शब्द सेंद्रिय खतामुळे परिचित आहे, आणि उपमाही जुळते. विकतचा डोस न देता जमिनीच्या कसावर जे उगवते ते ऑरगॅनिक. जाहिरात हे टँकरचे पाणी होय. तहान लागली की तत्काळ मिळते, पण पैसे थांबले की पाणीही थांबते. दुसरे विहिरीचे पाणी. खणावयास वेळ लागतो, लागेपर्यंत धीर धरावा लागतो, पण एकदा झरा लागला म्हणजे रोज पैसे मोजावे लागत नाहीत. टँकर वाईट असे आमचे म्हणणे नाही. नवे दुकान उघडताना त्याची गरज पडते. परंतु ज्याच्या अंगणात विहीर आहे आणि जो ती नव्या बांधकामात नकळत बुजवून टाकतो, त्याला काय म्हणावे?

शोधयंत्र वाचते कसे?

१९९१ साली टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जगातील पहिली वेबसाईट उभी केली. भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले. पाने वाढत गेली तसा ती शोधण्याचा प्रश्न उभा राहिला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल ही कंपनी स्थापन केली. त्यांची मूळ कल्पना आपल्या व्यवहारातलीच आहे. एखाद्या पानाचे मोल ठरविताना त्या पानाने स्वतःविषयी काय सांगितले एवढेच न पाहता, इतर किती पानांनी त्याच्याकडे बोट दाखविले आणि बोट दाखविणारे स्वतः किती वजनदार आहेत, हेही पाहावयाचे. गावात नव्या वैद्याची पारख आपण अशीच करीत नाही काय?

यंत्राचे काम तीन टप्प्यांत चालते. प्रथम त्याचे वाटाडे एका पानावरील दुव्यावरून दुसऱ्या पानावर असे हिंडत पाने गोळा करतात. ज्या पानाकडे कोठूनही दुवा जात नाही ते दार नसलेल्या खोलीसारखे. तेथे वाटाड्या सहसा पोहोचत नाही. दुसऱ्या टप्प्यात गोळा केलेल्या पानांची सूची तयार होते. जाड ग्रंथाच्या शेवटी कोणता शब्द कोणत्या पृष्ठावर आला याची यादी असते, तशीच ही, मात्र अफाट. तिसऱ्या टप्प्यात कोणी प्रश्न विचारला म्हणजे सूचीतून जुळणारी पाने काढून ती क्रमाने मांडली जातात. ध्यानात ठेवावयाची गोष्ट ही की, या सगळ्यात यंत्राचा मुख्य आधार लिहिलेला मजकूर हा आहे. छायाचित्रांचा अंदाज यंत्रे आता बांधू लागली आहेत. तरी ‘चाळीस फुटी कंटेनर आत वळतो’ ही गोष्ट चित्र पाहून ओळखावी अशी अपेक्षा कोणाकडूनच करू नये. ती लिहावी.

शब्द कोणाचे? मालकाचे की गिऱ्हाइकाचे?

समजा, पडघ्यातील एका गोदाममालकाने नवी वेबसाईट केली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘विश्वास, गुणवत्ता, परंपरा’. खाली एक चित्र, एक फोन नंबर. आता विचार करा. जागा शोधणारा मनुष्य ‘विश्वास’ हा शब्द लिहून गोदाम शोधतो काय? तो लिहितो ‘पडघ्यात गोडाऊन भाड्याने’, ‘भिवंडीत दहा हजार स्क्वेअर फुटांचा गाळा’, ‘नाशिक हायवेला लागून वेअरहाऊस’. एकाच वस्तूला कोणी गोदाम म्हणतो, कोणी गोडाऊन, कोणी गाळा, कोणी वेअरहाऊस. गावाचे नावही कोणी पडघा लिहितो तर कोणी पडघे. रोमन लिपीत त्याच्या अखेरीस कोणी एक अक्षर घालतो, कोणी दुसरे. भिवंडीतल्या ‘व’साठी कोणी डब्ल्यू लिहितो, कोणी व्ही. यंत्र असे पुष्कळ भेद आता ओळखते. तरीही शोधणाऱ्याचे शब्द पानावर मुळीच नसले तर ओळखणार काय आणि जुळविणार काय?

म्हणून नव्या बांधणीचा आरंभ चित्रकाराकडे जाऊन न करता फोनच्या वहीपाशी करावा असा आमचा आग्रह आहे. वर्षभरात ज्यांनी फोन केले त्यांनी कोणते प्रश्न विचारले? जागा किती? छताची उंची किती? फरशी किती वजन पेलते? मोठा ट्रेलर आत येतो काय? पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचते काय? अग्निशमनाची व्यवस्था आहे काय? माल चढवायला-उतरवायला माणसे मिळतात काय? भाडे कसे आकारता? हे प्रश्न म्हणजे वेबसाईटचा आराखडाच होय. प्रत्येक महत्त्वाच्या सेवेला स्वतंत्र पान द्यावे. सुट्या भाड्याचे गोदाम, वर्षाच्या कराराचे गोदाम आणि वाहतूक या तिन्ही गोष्टी ‘आमच्या सेवा’ या एका पानात कोंबल्या, तर तिघांपैकी कोणाच्याही प्रश्नाचे ते पान पुरते उत्तर ठरत नाही. प्रत्येक पानाला वेगळे व अर्थपूर्ण शीर्षक असावे. ‘मुखपृष्ठ’ एवढेच शीर्षक लिहिणे म्हणजे दुकानाच्या पाटीवर ‘दुकान’ असे लिहिण्यासारखे आहे.

नव्या घटनांबरोबर नवे प्रश्न जन्मतात, हेही लक्षात असावे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा टप्पा खुला झाला. आमणे आपल्याच तालुक्यातले, पडघ्याच्या शेजारचे गाव. नागपूर, संभाजीनगरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी आता हे नाव आले. ‘आमण्यापासून आपले गोदाम किती अंतरावर, आणि तेथून येण्याचा रस्ता कोणता?’ एवढे साधे उत्तर जो आपल्या पानावर नीट लिहून ठेवील, त्याला विदर्भातून विचारणा येणे अशक्य नाही.

लिपीचा प्रश्न

मराठी व्यावसायिकाला एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. जगातील लिप्यांना एक समान संकेतावली देणारी युनिकोड ही पद्धती १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीला प्रथमपासून स्थान होते. असे असूनही पुढे कित्येक वर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या खासगी फाँटांत लिहिला जात राहिला. डोळ्यांना ती मराठी दिसे. यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक माळ असे. त्या काळी मराठी वृत्तपत्रांनी असा जो मजकूर इंटरनेटवर ठेवला, तो शोधून सापडणे दुरापास्त झाले. ‘शेतकरी’ शब्द हजार वेळा छापलेला, आणि ‘शेतकरी’ म्हणून शोधले तर एकही पान नाही! लिहिणाऱ्यांचे श्रम कमी नव्हते. पण यंत्राच्या सूचीत त्यांची नोंदच होऊ शकली नाही.

आज फाँटांचा तो घोळ बव्हंशी मिटला आहे, पण त्याचे धाकटे भावंड शिल्लक आहे. छापखान्यात केलेले मराठी पत्रक चित्र म्हणून जसेच्या तसे वेबसाईटवर चिकटविण्याची सवय अजून गेलेली नाही. नव्या बांधणीत असा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा लिहून काढावा. मराठी व इंग्रजी अशी दोन्ही पाने ठेवावयाची असल्यास प्रत्येकाचा पत्ता वेगळा असावा आणि एकावरून दुसऱ्याकडे जाण्याचा दुवा असावा. यंत्राने आपोआप केलेले ओबडधोबड भाषांतर मात्र न वाचता ठेवू नये. गिऱ्हाईक पहिल्या वाक्यालाच परत फिरते.

घर बदलले, टपालवाल्याला सांगितले काय?

आता आम्ही त्या घटमान फोनांच्या कोड्याकडे येतो. इंटरनेटवरील प्रत्येक पानाला पत्ता असतो. जुन्या वेबसाईटवरील गोदामाच्या पानाचा एक पत्ता होता. त्या पत्त्यावर दहा जणांनी दुवे दिले होते, शोधयंत्राने तो आपल्या सूचीत नोंदविला होता, त्याची पत वाढली होती. नव्या बांधणीत कारागिराने सगळे पत्ते बदलले आणि जुने मोडून टाकले. आता जुन्या दुव्यावरून येणाऱ्याला ‘पान सापडत नाही’ असा निरोप मिळतो. वर्षांची कमाई एका रात्रीत पुसली जाते, आणि मालकाला कळतही नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोरचे नवे पान तर झकास दिसत असते.

यावर उपाय सोपा आहे. आपण घर बदलतो तेव्हा टपाल कचेरीत नवा पत्ता देऊन ठेवतो, म्हणजे जुन्या पत्त्यावरची पत्रे नव्या घरी येतात. वेबसाईटलाही ही सोय आहे. तिला ३०१ क्रमांकाचे रीडायरेक्ट म्हणतात. अर्थ असा की, हे पान कायमचे अमुक ठिकाणी गेले आहे. तात्पुरत्या मुक्कामासाठी ३०२ हा निराळा क्रमांक आहे. काम सुरू करण्यापूर्वी जुन्या सर्व पत्त्यांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर त्याचा नवा पत्ता लिहावा. सगळे जुने पत्ते सरसकट पहिल्या पानाकडे वळवू नयेत. गोदामाची चौकशी करणाऱ्याला वेशीवर आणून सोडले तर तो उपयोगाचा कसा? त्याला गोदामाच्याच दारी पोहोचवावे. ही सोय निदान एक वर्ष तरी ठेवावी, असा खुद्द गूगलचा सल्ला आहे. त्याहून अधिक काळ ठेवण्यास हरकत नाही.

आणखी एक बारीकशी चूक मोठे नुकसान करते. नवी वेबसाईट तयार होत असता शोधयंत्राच्या वाटाड्यांनी आत येऊ नये म्हणून कारागीर दारावर ‘प्रवेश बंद’ अशी खूण करून ठेवतो. ते योग्यच आहे. पण उद्‌घाटनाच्या गडबडीत ती पाटी काढायची राहून जाते! पेढे वाटले जातात, आणि दार आतून बंदच असते. म्हणून उद्‌घाटनाच्या दिवशीच मालकाने कारागिराला समोर बसवून ही पाटी निघाल्याची खात्री करून घ्यावी.

आधी आणि नंतर काय फरक पडला हे अंदाजाने ठरवू नये. सर्च कन्सोल नावाचे गूगलचे एक विनामूल्य साधन आहे. कोणत्या शब्दांवरून आपली पाने दाखविली गेली, किती जण आत आले, याचा सोळा महिन्यांपर्यंतचा जमाखर्च त्यात मिळतो. नवी बांधणी हाती घेण्याआधी हा हिशेब उतरवून ठेवावा. ज्या पानावर सर्वांत जास्त लोक येतात ते ‘दिसायला जुने’ म्हणून काढून टाकण्याचा मोह मग आपोआप आवरतो.

वेगाविषयी थोडक्यात सांगतो. गूगल आता वेबसाईटचे मोबाईलवरील रूपच प्रमाण मानते. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी त्याची अपेक्षा आहे. हायवेच्या कडेला ट्रक थांबवून, साध्या मोबाईलवर, मंद नेटवर्कवर पत्ता पाहणारा ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणावा. तीन मोठी सरकती चित्रे त्याच्या काय कामाची? त्याला फोन नंबर, नकाशा आणि फाटकाची खूण हवी.

आडवाटा

जेथे लाभ आहे तेथे आडवाट दाखविणारेही असतात. ‘महिन्याभरात पहिला नंबर, खात्रीने’ असे सांगणारे फोन बहुतेक व्यापाऱ्यांना येतात. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच स्पष्ट सांगितले आहे. आडवाटेने गेलेल्यांची काय गत होते याची उदाहरणे मोठमोठ्यांची आहेत. २००६ साली बीएमडब्ल्यू या विख्यात मोटार कंपनीच्या जर्मन वेबसाईटने शोधयंत्राला एक आणि माणसाला दुसरेच पान दाखविल्याचे आढळले. गूगलने ती वेबसाईट आपल्या सूचीतून काढून टाकली. २०११ साली निःसत्त्व मजकुराची पाने आणि २०१२ साली विकत घेतलेल्या दुव्यांवर उभी राहिलेली पाने मागे ढकलणारे नियम आले. बीएमडब्ल्यू सावरली, पडघ्यातील लहान व्यापाऱ्याला अशी शिक्षा परवडेल काय?

येथे एक शंका निघेल. २०२४ पासून गूगल कित्येक प्रश्नांना स्वतःच जुळविलेले उत्तर वरच्या बाजूला देऊ लागले आहे. मग आपल्या पानावर कोण येणार? शंका अगदीच निराधार नाही. नुसती माहिती विचारणारे पुष्कळ लोक तेथूनच परततील. परंतु यंत्राने जुळविलेले उत्तरही कोणाच्या तरी लिहिण्यावरच बेतलेले असते, आणि गोदाम भाड्याने घेणाऱ्याला शेवटी गोदामाच्या मालकाशीच बोलावे लागते. ज्याने आपली माहिती खरी, नेमकी आणि ताजी ठेवली आहे, तोच त्या उत्तरात उल्लेखिला जाण्याचा संभव अधिक.

धीर मात्र हवा. अशा कामाचे फळ दिसण्यास सामान्यतः चार महिने ते एक वर्ष लागते. पेरले की उद्या कापणी, हा नियम शेतात नाही, तसा येथेही नाही.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधून आम्ही हा लेख पुरा करतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी पडघे–कळवा वीजवाहिन्यांतील बिघाडाने मुंबईची वीज गेली, आणि पडघ्याचे नाव त्या दिवशी देशभर झाले. एरवीही या गावाचे नाव शोधले तर बाहेरच्यांनी लिहिलेलेच अधिक हाती लागते: कधी विजेची बातमी, कधी अपघाताची, कधी पोलिसांच्या छाप्याची. त्या बातम्या खोट्या आहेत असे नव्हे. पण रोज पहाटे दुकान उघडणारे, भाताची गिरणी चालविणारे, गोदामे राखणारे जे शेकडो लोक येथे राबतात त्यांचे गाव त्या बातम्यांत सापडत नाही. ते सापडावे असे वाटत असेल तर लिहिले पाहिजे ते त्यांनीच. एका व्यापाऱ्याने आपल्या धंद्याचे एक पान मराठीत, खरे आणि नीट लिहिले, तर त्याचे गिऱ्हाईक वाढेल. पन्नासांनी लिहिले तर गावाची ओळख बदलेल. आरंभासाठी फार काही लागत नाही. फोनची वही काढावी, गेल्या वर्षी लोकांनी विचारलेले प्रश्न एका कागदावर उतरवावेत, आणि त्यांची उत्तरे लिहावयास बसावे.